केळीच्या बागेत खड्ड्यातला बॉल व्हॉल्व्ह जाम

प्रश्न (रावेर): ड्रिपच्या सबमेनचा (बारीक नळ्यांना पाणी देणाऱ्या उपनळीचा) अडीच इंची पीव्हीसी व्हॉल्व्ह दोन फूट खोल आहे, हात नीट पुरत नाही. पान्याने फिरवू का?

उत्तर: भाऊ, पाना अजिबात नको, दांडी आतून तुटते. आपलं बोअरचं पाणी जड. क्षार बॉल (आतला फिरणारा गोळा) आणि सीट (तो टेकतो ती कडी) यांच्या मध्ये बसतात. मोटर बंद करा, फ्लश (नळीच्या टोकाचा धुण्याचा व्हॉल्व्ह) उघडून दाब उतरवा, मग युनियन नट (व्हॉल्व्ह नळीपासून सुटा करणारा मोठा नट) सोडवून बॉल काढा. सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवा. खरवडू नका, ओरखड्यातूनच गळती लागते.

उत्तर: परत बसवताना ओ-रिंगला (गळती थांबवणाऱ्या रबरी कडीला) सिलिकॉन ग्रीसच. गाडीच्या ग्रीसने तिचं ईपीडीएम रबर फुगतं, परत जाम.

उत्तर (यावल): युनियन नसेल तर कापून युनियनवालाच टाका. महिन्यातून एकदा पूर्ण उघडबंद करा. खड्ड्याच्या तळाला खडी हवी, नाहीतर गाळ नटाच्या आट्यांत जातो.