हरणांच्या शिकारीची सुरुवात नवख्याने कशी करावी?

सातपुडा_पायथा (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी शेती करतो. माझे पणजोबा शिकारीला जात असत आणि त्यांच्या काळातील सांबराची शिंगे आजही आमच्या ओसरीत टांगलेली आहेत. मला या विषयाची लहानपणापासून ओढ आहे, परंतु बंदूक कधी हाताळलेली नाही आणि शिकवणारे घरात कोणी उरलेले नाही. अगदी नवख्या माणसाने सुरुवात कोठून करावी, परवाना कोणत्या कार्यालयातून मिळतो आणि कोणत्या महिन्यांत हरणांच्या शिकारीस मुभा असते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तापीकाठ

भाऊ, छंद म्हणून हरणांची शिकार करण्याचा परवाना आज भारतात कोणालाही मिळत नाही आणि त्यासाठी मुभेचा महिनाही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 9 नुसार शिकारीस मनाई आहे. शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. फासे लावणे, विष घालणे, आमिष ठेवणे, हाकून पिटाळणे, जखमी करणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हे सर्व त्या व्याख्येत येते. काळवीट आणि चिंकारा हे या कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. त्यांच्या शिकारीसाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25,000 रुपये दंड आहे. अभयारण्यात केलेल्या शिकारीलाही हीच शिक्षा लागते. ठरावीक शक्तीपर्यंतच्या एअर गनला शस्त्रपरवाना लागत नाही, त्यामुळे तिने मारले तर चालते असा समज आपल्या भागातील तरुणांमध्ये आहे आणि तो साफ चुकीचा आहे.

ओसरीतील शिंगांकडे मात्र आपण आजच लक्ष द्यावे. ती पणजोबांची आहेत एवढ्याने कायदेशीर ठरत नाहीत. त्यांच्यासाठी मालकीचे प्रमाणपत्र असावे लागते. ज्यांनी अशा वस्तू जाहीर केल्या नव्हत्या, त्यांना शासनाने 2003 मध्ये 180 दिवसांची संधी दिली होती. जुन्या कागदपत्रांत ते प्रमाणपत्र आहे का ते शोधावे, आणि नसल्यास वकिलाचा सल्ला घेऊन स्वतःहून वनक्षेत्रपालांना भेटावे. ती शिंगे कोणाला विकू नयेत आणि भेटही देऊ नयेत. जंगलात गळून पडलेले शिंग उचलून आणणे हाही गुन्हाच आहे.

पाणवठा

तापीकाठ यांनी कायदा नीट सांगितला आहे, तेव्हा मी दुसऱ्या बाजूबद्दल लिहितो. जुन्या शिकाऱ्याचे खरे कसब गोळी झाडण्यात कमी आणि जनावराच्या खुणा वाचण्यात अधिक होते, आणि ते कसब आजही आपल्या भागात कायदा न मोडता शिकता येते. ते मरू नये असे मला मनापासून वाटते.

सुरुवात खुरांपासून करावी. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत भेकराचा ठसा अगदी लहान, चितळाचा त्याहून मोठा व टोकदार, तर सांबराचा ठळक आणि खोल असतो. रानडुकराच्या ठशात मुख्य खुरांच्या मागे बाजूला फाकलेली दोन लहान टोके बहुधा उमटतात, म्हणून नवख्याने आधी तो वेगळा काढायला शिकावे. त्यानंतर लेंड्या पाहाव्यात. रोही (नीलगाय) एकाच जागी पुन्हा पुन्हा विष्ठा टाकत असल्यामुळे तेथे ढीग साचतो. काळवीट आणि चिंकारा हे कुरंगवर्गातील प्राणी असून त्यांची शिंगे आयुष्यभर टिकतात, तर चितळ, सांबर आणि भेकर या खऱ्या हरणांमधील नरांची शिंगे गळून पुन्हा उगवतात. त्यामुळे बिनशिंगाचे सांबर दिसले म्हणजे ती मादीच, असे धरू नये.

कान तयार करणे याहून अवघड आहे. बिबट्याची चाहूल लागली की चितळ तीक्ष्ण, शिट्टीसारखा आवाज काढते, सांबर खणखणीत आणि मोठ्याने ओरडते, आणि भेकर कुत्र्यासारखे भुंकत राहते. झाडावर वानरे पाला खात असतील तर खाली चितळे आहेत का, हे पाहावे, कारण वरून पडणारा पाला त्यांना आयता मिळतो. वारा आपल्याकडून जनावराकडे वाहत असेल तर कितीही निःशब्द चाललात तरी उपयोग नाही. मूठभर धूळ सोडून वाऱ्याची दिशा पाहावी आणि मगच वाट ठरवावी.

आपल्याला यावल अभयारण्य जवळ आहे. पाल या गावाकडून आत जाण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी, आणि शक्य झाल्यास सोबत स्थानिक पावरा किंवा तडवी या आदिवासी समाजांतील माणूस घ्यावा, कारण त्यांच्याइतके हे रान कोणाला ठाऊक नाही. मार्च ते मे या काळात सागाची पाने गळलेली असतात आणि पाणवठे मोजके उरतात, त्यामुळे जनावर दिसण्याची शक्यता सर्वाधिक असते. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वन विभाग मचाणावरून प्राण्यांच्या नोंदी घेतो. त्यासाठी आधी नाव नोंदवून जावे.

अमळनेरकर_परदेशी

माझी नोकरी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात आहे. येथे हरणांची शिकार कायदेशीर आहे, तरीही 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला साधारणपणे सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याखेरीज शिकारीचा परवाना मिळत नाही. बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन नऊ दिवस चालतो. त्या काळात भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे घालणे बंधनकारक असते. नारिंगी रंग हरणांना नीट ओळखता येत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला लांबूनच दिसतो. वर्क व्हिसावरील माणसाला येथे एरवी बंदूक बाळगता येत नाही आणि वैध शिकार परवाना हा त्या नियमातील अपवाद आहे. आपले कोणी नातेवाईक इकडे असतील आणि ते हौसेने बंदूक हाती देत असतील, तर ती हातात घेण्यापूर्वी या नियमाची खात्री करून घ्यावी.

सातपुडा_पायथा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. शिंगांचे कागद शोधायला घेतले आहेत आणि पाल येथेही जाणार आहे. एक शंका राहते. आमच्या हरभऱ्यात रात्री हरणे आणि रोही उतरतात. पीक वाचवण्यासाठी तरी काही करता येते का?

तापीकाठ

करता येते. हरिण, रोही आणि रानडुक्कर यांनी केलेल्या पीकनुकसानीसाठी शासन भरपाई देते, परंतु नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्यांकडे अर्ज पोहोचला पाहिजे. उशिरा दिलेल्या तक्रारी बहुतेक याच कारणाने अडकतात. त्याच सकाळी फोटो काढावेत, सातबारा जोडावा, आणि पंचनामा होईपर्यंत खुरांचे ठसे नांगरून टाकू नयेत. रोही आणि रानडुक्कर यांच्या उपद्रवाबाबत शासनाची वेगळी परवानगी-पद्धत आहे, परंतु लेखी परवानगी हाती येण्यापूर्वी काहीही करू नये, आणि ती हरणांना लागू नाही. कुंपणात थेट वीजप्रवाह मात्र कधीही सोडू नये. त्याने जनावरांबरोबर माणसेही मेली आहेत. वन विभागाचा मदतक्रमांक 1926 आहे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये.