मदत हवी आहे: मुलींच्या कबड्डी टीममध्ये स्टेटस अन् इन्स्टावरून गट पडलेत

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातून लिहून राहिली आहे. आमच्या गावात मुलींची कबड्डीची टीम आहे, १४ ते १७ वयाच्या बारा पोरी. मी कॉलेजपर्यंत खेळलेली, लग्न होऊन इथं आली आणि आता संध्याकाळी यांची प्रॅक्टिस घेते. पोळ्याच्या आगेमागे तालुक्याचे शालेय सामने लागतील. खेळात पोरी तयार आहेत पण टीम आतून फाटून राहिली, लय काळजी वाटते म्हणून विचारते.

झालं असं की बाजूच्या तालुक्यात ओपन सामने होते. आमच्या एका रेडरची (चढाई करणारीची) डू-ऑर-डाय रेड होती (माहीत नसल त्यांच्यासाठी, लागोपाठ दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरीत पॉइंट आणावाच लागते, नाहीतर रेडर आउट). ३० सेकंद संपत आले तशी ती घाईनं बोनसची रेषा ओलांडायला गेली, पाय घसरला आणि समोरच्या टीमच्या कॉर्नरनं (कडेला उभी राहून पकड करणारीनं) घोटा धरला. खेळात होतेच असं. पण कोणाच्या तरी भावानं मोबाईलवर काढलेला व्हिडिओ आमच्याच टीमच्या एका पोरीनं घेतला, घसरतानाचा तुकडा स्लो केला, त्याच्यावर हसण्याचा आवाज टाकला आणि इन्स्टाच्या क्लोज फ्रेंड्समध्ये स्टोरी टाकली. वरून पोल, पुढच्या मॅचले कोणाले बाहेर बसवायचं, आणि त्यात दोन नावं. क्लोज फ्रेंड्सच्या यादीत जो नाही त्याले स्टोरी दिसत नाही, पण यादीतल्याच कोणीतरी स्क्रीनशॉट काढून त्या पोरीपर्यंत पोचवला.

तेव्हापासून रोज स्टेटसची मारामारी चालू आहे. नाव कोणी घेत नाही. "काही लोकं समोर गोड अन् मागून काय ते सगळ्यांना माहीत", "ज्याला समजायचं त्याला समजलं", असं एकीनं टाकलं की अर्ध्या तासात दुसरीकडून उत्तर. टीमचा ग्रुप गपगार पडला आणि तीन पोरींना सोडून बाकीच्यांचा वेगळाच ग्रुप निघाला. त्या तिघी पलीकडच्या गावातून एसटीनं येतात. प्रॅक्टिस संपली की त्यांना धावत स्टँडवर जावं लागते, बाकीच्या मैदानावर बसून गप्पा मारतात, आणि मला वाटते मूळ गट तिथूनच पडला, व्हिडिओ नंतरचा.

मैदानावर तर स्पष्ट दिसते. परवा साखळीची प्रॅक्टिस घेत होती. कॉर्नर आणि तिच्या बाजूच्या पोरीनं एकमेकीचं मनगट घट्ट धरायचं असते, तर या दोघींनी नुसती बोटं टेकवली होती. रेडर मधून आरामात निघून गेली आणि दोघी दोन दिशेला तोंड करून उभ्या. अशानं पहिल्या राउंडलाच घरी येऊ आम्ही.

पण खरी भीती वेगळी आहे. इथं फोन पोरींचा स्वतःचा नसतेच बहुतेक, बापाचा नाहीतर भावाचा असते, अभ्यासाच्या नावानं थोडा वेळ हातात येते. म्हणजे पोरींचं भांडण घरच्यांच्या डोळ्यासमोर चाललं आहे. एकीच्या भावानं तो स्क्रीनशॉट पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. मी घरी गेली तर आई म्हणे, "बाई, पोरीचं नाव मोबाईलात फिरून राहिलं, उद्या सोयरीक जुळवतानी कोणाकोणाले समजवत बसू?" काय उत्तर देऊ याले? तिचा बाप आतून बोलला की कबड्डी बंद म्हणजे बंद.

म्हणून सगळ्या पालकांची मीटिंग घ्यायची हिंमत होऊन नाही राहिली. एका मीटिंगमध्ये चार पोरींचं मैदान सुटू शकते. आणि जिनं व्हिडिओ टाकला ती आमची सगळ्यात चांगली रेडर आहे. तिला बाहेर बसवलं तर तिचा गट रुसते, नाही बसवलं तर बाकीच्यांना वाटणार की बाई हिलेच मानते. कोणी शाळेची किंवा मंडळाची टीम सांभाळली असल तर सांगा, सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १ (वर्धा)
ताई, सरळ फोन बंद करा. आमच्या वेळी कुठं होते फोन? जी स्टेटस टाकल ती टीमच्या बाहेर.

धागाकर्ती
दादा, फोन माझ्या हातात नाहीच ना, घरात आहे. आणि बाहेर काढली की ती घरीच बसणार, मग पुढच्या वर्षी तिचं लग्न. मला एकही पोरगी गमवायची नाही, जिनं टाकलं तीसुद्धा.

प्रतिसाद २ (अकोला, शाळेत पीटी शिकवतो)
ताई, मीटिंग नका घेऊ, बरोबर ओळखलं तुम्ही. मी व्हॉलीबॉलच्या मुलांसोबत यातून गेलोय. आधी व्हिडिओ टाकणारीला एकटीला भेटा, सगळ्यांसमोर नाही. का केलं विचारत बसू नका, त्याच्यावर वाद होते. तिच्याच हातानं व्हिडिओ फोनमधून, चॅटमधून जिथं जिथं पाठवला तिथून डिलीट करायला लावा, कारण स्टोरी २४ तासांत जाते पण फाईल राहते. शिक्षा द्यायचीच तर दोघींनाही पटंल अशी द्या. मी एका मुलाला सामन्यात खेळवलं, पण महिनाभर कॅप्टनशिप काढून घेतली.
दुसरं, तुमच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिननं लिहायचं अशी सेटिंग करा, वेळ आणि सूचना एवढंच. खेळावर बोलायचं ते मैदानावर. ज्या पोरीवर हसले तिला सांगा की इन्स्टावर रिस्ट्रिक्ट करता येते, त्या लोकांच्या कमेंट दुसऱ्या कोणाला दिसत नाहीत आणि त्यांना कळतही नाही. आणि एसटीच्या पोरींसाठी प्रॅक्टिस वीस मिनिटं आधी संपवा, सगळ्यांनी सोबत बसून पाणी पिऊन, पाय मोकळे करून मगच निघायचं. साखळीच्या जोड्या मुद्दाम मिसळा, एक गावची एक एसटीची.

प्रतिसाद ३ (चंद्रपूर)
मी आई म्हणून लिहिते. माझी पोरगी खो-खो खेळते. त्या घरी परत जा, पण बापाशी नाही, आधी आईशी बोला, आणि व्हिडिओची सफाई देत बसू नका. पोरगी राज्यापर्यंत गेली तर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे सांगा. पोलीस भरतीचं नाव काढलं की आमच्याकडचे बाप ऐकतात, मी पाहिलं आहे. आणि तिला आणायची-सोडायची जबाबदारी शेजारच्या पोरीवर द्या, एकटीनं जाणं हाच अर्धा अडथळा असते.
एक मात्र सांभाळा. कोणी फोटो बदलून घाणेरडं काही केलं किंवा धमकी दिली तर ते टीमचं भांडण राहत नाही. १०९८ वर फोन करा, फुकट आहे, लहान मुलांसाठीच आहे, आणि स्क्रीनशॉट पुरावा म्हणून ठेवा, पुढं पाठवू नका.

धागाकर्ती
सर, ताई, मनापासून धन्यवाद. कॅप्टनशिपचं पटलं, कारण ती आमची कॅप्टनच आहे. उद्यापासून प्रॅक्टिस लवकर संपवते, एसटीच्या वेळेच्या हिशोबानं. त्या आईकडं सकाळीच जाते, निंदणाला निघायच्या आधी भेटते ती.
एक राहिलं. सामन्यात शूटिंग कोणी करायचं आणि कुठं टाकायचं याचा नियम मला कागदावर लिहून पोरींच्या सह्या घ्यायच्या आहेत. कोणाच्या टीममध्ये असा नियम असल तर जसाच्या तसा इथं टाका, मी आमच्या हिशोबानं बदलून घेईन.