नुसती नजर ठेवणं माणसाला जमत नाही
अमेरिकेतल्या टेंपे शहरात २०१८ साली उबरच्या स्वयंचलित गाडीने पादचारी महिलेला उडवलं, तेव्हा गाडीवर लक्ष ठेवायला आत बसलेली चालक मोबाइल बघत होती, म्हणून सगळा दोष तिचाच, असं म्हटलं जातं; ते मला अर्धंच पटतं. तिचं चुकलंच. पण तासन्‌तास यंत्रावर नुसती नजर ठेवणं माणसाला झेपत नाही, हे दुसऱ्या महायुद्धातच कळलं होतं. ब्रिटिश हवाई दलाच्या रडारवाल्यांच्या नजरेतून पाणबुड्या सुटायला लागल्या, तेव्हा मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी माणसांना दोन तास एका तबकडीवरचा काटा बघायला बसवलं. काट्याने नेहमीच्या दुप्पट उडी मारली की कळवायचं, एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासानंतरच अशा उड्या जास्त निसटायला लागल्या.

उबरने तर आधी गाडीत दोन माणसं ठेवली होती, मग एकच ठेवलं. हा निर्णय मला त्या मोबाइलइतकाच गंभीर वाटतो.