५० केबीत फोटो बसवायचाय, पण चेहरा बिघडायला नको

बी ४०२ वहिनी: कोणाला फोटोची साइज नीट कमी करता येते का? मुलीचा आयबीपीएसचा, म्हणजे बँक भरती परीक्षेचा फॉर्म भरतोय, फोटो २० ते ५० केबी मागतायत आणि सही १० ते २० केबी. मोबाईलमधला फोटो ४ एमबीचा. एका ॲपमधून ५० केबी केला तर गालावर नुसते चौकोन चौकोन, ओळखूच येईना 😟

ए १०४ काका: वहिनी तो फोटो व्हॉट्सॲपवर कोणालातरी पाठवा आणि परत सेव्ह करा, आपोआप कमी होतो. मी नेहमी तसंच करतो.

सी ३०१ दादा: काका तसं नको. व्हॉट्सॲप किती दाबेल ते आपल्या हातात नसतं, आणि तरी तो बहुतेक ५० केबीच्या वरच राहतो मग परत दुसऱ्यांदा दाबावा लागतो. जेपीजी म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, ती दर वेळी नव्याने सेव्ह झाली की थोडी थोडी खराब होते आणि गेलेलं परत येत नाही. मूळ फोटो घ्यायचा आणि त्याच्यावरून एकदाच काम करायचं.

सी ३०१ दादा: वहिनी चौकोन का येतात सांगतो, माझं कामच डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावायचं आहे. जेपीजी फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे, तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यातलं डोळ्याला फारसं न दिसणारं बारीकसारीक काढून टाकतं. रंगातला तपशील तर आधीच कमी करतं कारण आपल्या डोळ्याला उजेड-सावलीचा फरक जास्त कळतो, रंगाचा कमी. इथपर्यंत काही बिघडत नाही. पण तुमचा फोटो १२ मेगापिक्सेलचा असणार, ४००० बाय ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, ते सगळे तसेच ठेवून ५० केबीत कोंबायला सांगितलं तर ॲप बिचारं क्वालिटी पार तळाला नेतं, मग प्रत्येक तुकड्यात जवळजवळ एकच रंग उरतो आणि तेच चौकोन तुम्हाला गालावर दिसतायत.

बी ४०२ वहिनी: मग करायचं काय?

सी ३०१ दादा: आधी ठिपके कमी करा, क्वालिटीला नंतर हात लावा. फॉर्ममध्येच लिहिलेलं असतं, फोटो २०० बाय २३० पिक्सेल. म्हणजे फक्त ४६ हजार ठिपके. आधी त्या मापात क्रॉप करा, डोकं आणि खांदे येतील असं, नाहीतर नुसतं रिसाइज केलं तर चेहरा ताणला जातो. मग रिसाइज. आता क्वालिटी १०० पैकी ९० ठेवलीत तरी ५० च्या आत बसतो, उलट कधीकधी २० च्या खाली जातो आणि तेही फॉर्म घेत नाही, तेव्हा क्वालिटी अजून वाढवायची.

बी ४०२ वहिनी: अच्छा म्हणजे वाढवायची पण वेळ येते 😮 कुठल्या ॲपमध्ये करू?

सी ३०१ दादा: ॲप नकोच. ब्राउझरमध्ये स्क्वूश उघडा, गुगलच्या क्रोमवाल्यांनी २०१८ मध्ये काढलंय, फुकट आहे. फोटो तुमच्याच मोबाईल किंवा कॉम्प्युटरवर राहतो, कुठे अपलोड होत नाही. मधे एक रेघ असते ती सरकवली की डावीकडे मूळ आणि उजवीकडे दाबलेला दिसतो, खाली किती केबी झाला तेही. झूम करून पापण्या आणि केसांची कड बघा, फोटो बिघडतो तो आधी तिथे कळतो.

डी २०३ ताई: हे अपलोडचं सगळ्यांनीच लक्षात ठेवा. आधार, पॅन, सही असलं काहीही कुठल्याही अनोळखी साइटवर टाकून साइज कमी करू नका, तिकडे कोण ठेवून घेतंय आपल्याला काही कळत नाही. आणि वहिनी सहीचं मी सांगते, मी भरलाय हा फॉर्म. सही १४० बाय ६० पिक्सेलची लागते, फारच छोटी. बारीक टोकाच्या पेनने केलेली सही त्या मापात आली की रेषा तुटते. पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या शाईने जरा जाड उमटेल अशी करायला सांगा, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत चालत नाही. खिडकीपाशी दिवसाउजेडी फोटो काढा, ट्यूबखाली हाताची सावली पडते आणि कागद राखाडी येतो. मग सहीच्या अगदी लगत क्रॉप करा. आजूबाजूचा कोरा कागद ठेवला ना तर ते १४० ठिपके कागदातच जातात आणि सही मधे मुंगीएवढी.

बी ४०२ वहिनी: ताई खूप थँक्यू, आम्ही अख्ख्या पानाचा फोटो काढला होता. आत्ताच परत करायला लावते.

ए ५०१: माझ्या आयफोनचा फोटो कुठलाच फॉर्म घेत नाही, साइज बरोबर असून. नाव बदलून शेवटी जेपीजी पण लिहिलं

सी ३०१ दादा: नाव बदलून आतला फोटो बदलत नाही. आयफोन एचइआयसी नावाच्या वेगळ्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करतो, क्वालिटीला चांगलं आहे, जागाही कमी घेतं, पण सरकारी फॉर्मना जेपीजीच लागतो. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे मोस्ट कम्पॅटिबल करा म्हणजे पुढचे फोटो जेपीजीच येतील. आधीचे जेपीजीत एक्स्पोर्ट करून घ्या.

सेक्रेटरी काका: विषय निघालाच आहे तर, स्मरणिकेसाठी आलेले गणपतीचे फोटो प्रेसवाल्याने परत पाठवलेत, छापताना फुटतायत म्हणतो. ग्रुपवर तर छान दिसतात.

सी ३०१ दादा: काका ते दोन-तीन ग्रुप फिरून आलेले आहेत. मोबाईलच्या स्क्रीनला तेवढं पुरतं, छपाईला नाही. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात, ए५ चं पान पूर्ण भरायचं तर १७४८ बाय २४८० पिक्सेल पाहिजेत. इथे कोणीही काहीही कमी करू नका, दाबायचं ते मी ले-आउटमध्ये बघतो. आणि मोठं करणारी ॲप वापरू नका, ती नसलेलं चेहऱ्यावर काहीतरी काढून ठेवतात, आपल्या जुन्या मंडळींचे चेहरे त्यात बदलायला नकोत.

सेक्रेटरी काका: मग मागवायचे कसे? व्हॉट्सॲपवर एचडी केलं तर?

सी ३०१ दादा: एचडीत सुद्धा दाबतंच, कमी दाबतं एवढंच. ज्याने फोटो काढलाय त्याच्याच मोबाईलमधून, अटॅचमेंटमध्ये डॉक्युमेंट निवडून पाठवायचा, मग फाइल जशीच्या तशी येते. फक्त त्यात कुठे काढला ते लोकेशनही राहतं, त्यामुळे ग्रुपवर टाकू नका, मला पर्सनलवर पाठवा.

डी २०३ ताई: काका अजून एक, तुम्ही नोटीसचा कागद लांबून फोटो काढून टाकता त्यात अनुस्वार, रफार काहीच वाचता येत नाही. परवाच्या नोटीशीत टाकी धुणार ते मंगळवारी की रविवारी तेच आईला कळेना. टाइप केलेली असते ना, तर थेट पीडीएफ टाका, साइजही फोटोपेक्षा कमी होईल. स्क्रीनशॉट असेल तर पीएनजी राहू दे, जेपीजीत अक्षरांभोवती घाण येते.

सेक्रेटरी काका: बरोबर. उद्यापासून पीडीएफ. टाकी मंगळवारी आहे, सकाळी १० ते २ पाणी बंद.

बी ४०२ वहिनी: दादा फोटो ३८ केबी झाला, सही १४. फॉर्मने घेतले दोन्ही 🙏 अंगठ्याचं पण मागतायत, २४० बाय २४०, तेही असंच ना?

सी ३०१ दादा: तसंच. ते पण २० ते ५० केबीतच. डाव्या अंगठ्याला शाई कमी लावा, जास्त झाली की रेषा भरून जातात, मग साइज कितीही ठेवा उपयोग नाही.