विषय: सांगलीची टेक्निकल शाळा – मजला की वर्कशॉप?

नमस्कार मंडळी,

सांगलीजवळच्या टेक्निकल शाळेचं पत्र आलंय. सध्या फिटर आणि वेल्डर हे दोनच ट्रेड आहेत. इलेक्ट्रिशियन सुरू करायचाय, त्यासाठी वर एक मजला हवा आहे. गणेशोत्सवात आपल्या इथल्या परदेशातल्या मंडळाने त्यासाठी वर्गणी काढावी का? रविवारच्या बैठकीआधी मतं कळवा.

– सचिव

---

सचिवकाका, नमस्कार.

मी याच शाळेतून फिटर झालो आणि जानेवारीत तिथे दोन दिवस बसून आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाच लेथ (धातू कातायची यंत्रं) आहेत, त्यातले तीन चालतात. बाकी दोनांवर गोणपाट टाकलंय, एकाचा चक (काम पकडणारा भाग) गंजून धरलाय. एकेका लेथभोवती सहा-सात पोरं. पुढे घुसतो तो शिकतो, बाकीचे बघत राहतात. वेल्डिंगच्या रॉड मोजून हातात देतात. निदेशक तासिका तत्त्वावर आहेत आणि दिवाळीपासून त्यांचं मानधन थकलंय.

तरी त्यातला एक निदेशक काय करत होता ते सांगतो. पोराने घासून आणलेला चौकोनी जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, त्याने खिडकीकडे धरला, वर गुण्या (काटकोन तपासायचं साधन) टेकवला आणि फटीतून उजेड येतो का ते पोरालाच बघायला लावलं. "दिसतोय ना? मग अजून घास." तीन वेळा परत पाठवलं. काका, मी इथे ज्या हातावर पोट भरतो तो हात असाच तयार झाला. हा माणूस पगाराअभावी सोडून गेला तर वरच्या मजल्यावर शिकवणार कोण?

शाळा वाढू नये असं मी म्हणत नाही. आपल्या सांगलीच्या विश्रामबागेतलं वालचंद कॉलेज १९४७ साली न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून सुरू झालं, तेव्हा पदवीला फक्त सिव्हिल होतं. १९५५ च्या सुमारास वालचंद घराण्याच्या देणगीतून त्याची फेररचना झाली. नाव बदललं, पण सोबत मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलही आलं. आपली देणगीही अशी शिकवण्यात उतरावी.

माझं म्हणणं एवढंच: आधी दोन वर्षांचं निदेशकांचं मानधन, लेथची दुरुस्ती, रॉड आणि लोखंड. इलेक्ट्रिशियनची थिअरी ड्रॉइंग हॉलमध्ये होऊ शकते, तो दुपारी रिकामाच असतो. मजल्याचं त्यानंतर बघू. कुपवाड एमआयडीसीतले कारखानदार अप्रेंटिस घेताना पोराचा हात बघतात, शाळेची इमारत नाही.

– विश्रामबागचा एक माजी विद्यार्थी

---

दादा, पटलं. पैशाच्या बाजूने दोन गोष्टी सांगते.

ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलंय त्यांचा पैसा, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी, परदेशी देणगीच धरतात. मंडळाचाही तसाच. म्हणजे शाळेच्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. भारतीय पासपोर्टवाल्यांना मात्र स्वतःच्या बचतीतून थेट देता येतं. प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे, पण शिकवणाऱ्यांचा पगार त्यात मोजत नाहीत. तेव्हा मानधनाची तुमची सूचना नियमात बसते.

नोंदणीबद्दल शाळेला आजच विचारते. तोवर पावतीपुस्तक काढू नका, काका.

आणि दादा, त्या दोन बंद लेथच्या नेमप्लेटचे फोटो असतील तर टाका. माझा भाऊ कुपवाडला सुट्या भागांचं काम करतो, त्याला दाखवते.

– खजिनदार