पंचवीस हजारांचा सेट घ्या म्हणे!

तारवाला
परवा एका नव्या श्रोत्याने साधा प्रश्न विचारला: शॉर्टवेव्ह (लांबच्या देशांची रेडिओ स्टेशनं) ऐकायची आहे, हातात मावेल असा कोणता रेडिओ सेट घेऊ आणि एरियल कोणती? त्यावर 'खरखर' यांचा निकाल: "२५ हजारांखालचं सगळं खेळणं. सिंक आणि एसएसबी नसेल तर हात लावू नका. वर २० मीटर तार टाका, झालं." (सिंक म्हणजे हेलकावणारा आवाज सावरणारी, शेजारच्या स्टेशनचा त्रास टाळणारी सोय; एसएसबी म्हणजे हॅमवाल्यांचं आणि विमानांसाठीचं बोलणं नीट ऐकवणारी सोय.) दोन दिवस गप्प बसलो. आता नाही राहवत.

अहो, हा पोरगा पैसे साठवणार, सेट आणणार, फ्लॅटच्या हॉलमध्ये ३१ मीटर बँड (शॉर्टवेव्हचा एक पट्टा) लावणार आणि ऐकणार काय? एलईडी ट्यूबचं गुरगुरणं, वायफायच्या अडॅप्टरची शिट्टी, शेजारच्या इन्व्हर्टरची घरघर. महाग सेट हीच घरघर जास्त स्वच्छ ऐकवतो, इतकंच. शॉर्टवेव्हवर सेटचा कान सहसा कमी पडत नाही, आजूबाजूचा गोंगाटच भारी पडतो. आधी घराचा मेन स्विच पाडा, सेट बॅटरीवर चालवा. घरघर गेली तर चोर घरातच आहे. नाही गेली तर गच्ची गाठा.

माझं मत: टेकसन पीएल-३३० किंवा एक्सएचडेटा डी-८०८. एसएसबी दोन्हींत आहे. ३३० ला बीएल-५सी लागते, म्हणजे जुन्या नोकियाची बॅटरी, कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे मिळते. सोबत पाच-सात मीटर साधी वायर. उरलेल्या पैशांत गावाला जाऊन या.

खरखर
माझं वाक्य अर्धं छापलंत, आभार. "पुढे पस्तावायचं नसेल तर" हे शब्द गाळलेत.

तुमच्या डी-८०८ मध्ये सिंक नाही. रोमानिया रेडिओच्या मानगुटीवर पाच किलोहर्ट्झ अंतरावर चीनचं दांडगं स्टेशन बसलं की काय करणार? माझा सोनी ७६००जीआर ती बाजू सोडून लहरीची दुसरी बाजू (साइडबँड) धरतो आणि आवाज पोहायचा थांबतो. ज्याने हे एकदा ऐकलं तो मागे फिरत नाही. आणि एसएसबीबद्दल मी चुकीचं काय बोललो? त्याच्याशिवाय ११३८७ किलोहर्ट्झवरचं मुंबई व्होलमेट, विमानांसाठीचं हवामान, बदक बोलल्यासारखं ऐकू येतं. हॅमवाल्यांचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं, ४० मीटरही तसंच.

२० मीटर तार मी गुहागरला नारळाला बांधलेली आहे. रात्री ४९ मीटरवर जे ऐकलं ते तुमच्या खेळण्यांवर ऐकवा.

तारवाला
गुहागरला! मग मी वेगळं काय सांगतोय? कमाल नारळाची, श्रेय सेटला.

हडपसरकर
लांब तारेबद्दल माझा अनुभव. तेव्हा राहायला आकाशवाणीच्या मनोऱ्याच्या जवळच होतो. छोट्या डीएसपी (डिजिटल चिपवाल्या) सेटला हौसेने १८ मीटर तार जोडली. २५ मीटर बँड लावा, ४१ लावा, सगळीकडे पुणे केंद्र! बायको म्हणाली, "एवढ्या तारेने पुणंच ऐकायचं होतं तर आधीचा सेट काय वाईट होता?" तार सहा मीटरवर आणली, तेव्हा कुठे जग परत आलं. छोटे सेट त्यांच्या स्वतःच्या दांडी-एरियलसाठी बनवलेले असतात, त्यांच्या तोंडात पाइप कोंबू नका.

गॅलरीतला_श्रोता
गच्ची गच्ची करताय, पण आमच्या सोसायटीत गच्चीला कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे. वायर दिसली की "हे काय, वीज पडेल ना". त्याच गच्चीवर डिशच्या सतरा छत्र्या आहेत, त्यांच्यावर वीज पडत नाही बहुधा. शेवटी गॅलरीत लूप, म्हणजे गोल कड्याची एरियल, लावला. फिरवला की एका दिशेचा गोंगाट बराच मरतो, हे त्याचं मोठं सुख. फक्त त्याला वीज मोबाइलच्या चार्जरवरून देऊ नका, पॉवर बँकवरून द्या. नाहीतर ज्याच्यापासून पळतोय तोच पाहुणा दारातून आत.

४१_मीटर
तुम्हा लोकांचे नखरे वाचून हसू येतं. साताऱ्याला आमचा व्हॉल्व्हचा सेट, तापायलाच मिनिटभर घ्यायचा. एरियल म्हणजे तांब्याची जाळीची पट्टी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बुधवारी रात्री आठला रेडिओ सीलोन लावलं की अमीन सयानी खणखणीत. वडील रेडिओच्या परवान्याचे पैसे पोस्टात भरून यायचे. सिंक नाही, एसएसबी नाही, लूप नाही.

खरखर
काका, सीलोनकडे १०० किलोवॅटचा ट्रान्समीटर होता, महायुद्धातल्या माउंटबॅटनच्या कमांडसाठी श्रीलंकेत एकालाला उभारलेला. आणि तुमच्या अख्ख्या आळीत एलईडीचा एक दिवा नव्हता. त्या काळी चमचा लावला असता तरी सयानींची बिनाका गीतमाला ऐकू आली असती.

तारवाला
आळीत एलईडी नव्हता! लिहून ठेवतो. हेच मी सुरुवातीला म्हटलं होतं.

पेटीमास्तर
अवांतर आहे, पण सांगतोच. सीलोन घराघरांत पोचलं ते ट्रान्समीटरमुळे नव्हे, नभोवाणी मंत्री केसकरांमुळे. आपल्याच मराठी मंत्र्याने आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हाकलली आणि गिऱ्हाईक कोलंबोला पोचवलं. वर पेटीवर बंदी! पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्रातला माणूस आणि पेटीवर बंदी!

श्रुतिप्रेमी
थांबा. पेटीवरची बंदी १९४० ची, इंग्रजांच्या काळातली. केसकर मंत्री झाले १९५२ ला. आणि गाणी "हाकलली" हेही अर्धवट. प्रमाण कमी केलं, चित्रपटाचं नाव सांगणं थांबवलं, त्यावर निर्माते चिडले आणि त्यांनीच परवानगी काढून घेतली. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्यांच्याच काळातला. थोडं वाचून लिहीत जा.

पेटीमास्तर
वाचून? माझे वडील चाळीस वर्षं भजनाला पेटी वाजवत होते. आकाशवाणीवर गायकाला बोलावणं आलं की हे घरी. बंदी त्यांनी घातली नाही, पण दहा वर्षं मंत्री असताना उठवली का? तेवढं सांगा.

श्रुतिप्रेमी
नाही उठवली. कबूल. पण पेटीवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, स्वर जागचे हलत नाहीत, ही तक्रार केसकरांची एकट्याची नव्हती.

पेटीमास्तर
मींड निघत नाही म्हणणाऱ्याने चांगली पेटी ऐकलेलीच नसते. तुम्ही जन्मभर तंबोऱ्याच्या खोक्यातून आलेले दिसता.

४१_मीटर
भांडू नका हो. १९५७ ला विविध भारती आली की नाही? म्हणजे सरकारलाही चूक कळलीच.

श्रुतिप्रेमी
काका, चूक नव्हे, स्पर्धा. आणि मास्तर, वैयक्तिक व्हायचं कारण नाही. मी पेटी शिकलोय. तीन वर्षं.

पेटीमास्तर
तीन वर्षांत भाता मारायला येतो फक्त.

नवा_श्रोता
प्रश्न विचारणारा मीच. पेटी घ्यायची नाहीये. पीएल-३८० कोणी विकतोय, स्वस्तात. घेऊ का? राहायला ठाण्यात, सातव्या मजल्यावर.

हडपसरकर
३८० छान सेट, पेन्सिल सेल टाका की सुरू. पण एसएसबी नाही. नुसती प्रक्षेपणं ऐकायची असतील तर बिनधास्त. संध्याकाळनंतर ४१ आणि ३१ मीटर, दुपारी १९.

खरखर
एसएसबी नसलेला सेट? वर्षभरात विकाल.

तारवाला
वर्षभर ऐकेल तरी. तुमच्या हिशोबाने तो अजून पैसेच साठवत असता.

खरखर
बरं, सातव्या मजल्यावर, पाच मीटर तारेने, खिडकीच्या बाहेर सोडून... चालेल. तेवढ्यापुरतं तुमचं खरं. सिंकचं माझं खरं. रविवारी संध्याकाळी डोंबिवलीला या, गच्चीची किल्ली माझ्याकडे आहे. तुमचं खेळणं आणा, मी माझा आणतो, एकाच तारेला आलटून पालटून लावू.

तारवाला
येतो. एलईडी बंद ठेवा.

पेटीमास्तर
मीही येऊ?

खरखर
या. पेटी घरी ठेवून.