मदत हवी आहे: रिफर्बिश्ड (वापरलेला, तपासून-दुरुस्त करून विकलेला) निकॉन डी५३०० की कॅनन २००डी?
नमस्कार मंडळी. नेरूळच्या भाचीसाठी पहिला कॅमेरा बघतेय, बजेट लेन्स धरून २५ हजार. निकॉनच्या जेपीईजी फोटोफाइलमध्ये शटर काउंट (आजवर किती फोटो काढले तो आकडा) सापडतो. २००डीचा खात्रीने कसा काढायचा? डी५३००च्या बॉडीत फोकस मोटर नाही, त्यामुळे स्वस्तातली ५० एमएम एएफ-डी लेन्स (जिच्यात स्वतःची मोटर नसते) हातानेच फोकस करावी लागणार. मोटर असलेली एएफ-एस घेतली तर बजेट हलतं. सेन्सरवरची धूळ एफ/१६ला (लेन्सचं छिद्र लहान ठेवून) पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून कळेल. खरी धास्ती लेन्समधल्या बुरशीची, त्यात आपली खाडीकाठची दमट हवा! लेन्समागून टॉर्च मारल्यावर जाळ्यासारखे धागे दिसले तर नकोच, कितीही स्वस्त असो.
कंपनीचं रिफर्बिश्ड आणि दुकानदाराने नुसतं पुसून ठेवलेलं, हा फरक बिलावरून ओळखता येतो का? ठाणे-वाशीत लेखी वॉरंटी कोण देतं?